लावणी भारी की फटका? संगमनेरच्या अनंत फंदींवरून चाहत्यांचं भांडण आजही मिटत नाही

एखाद्या बँडचे चाहते एकत्र आले की दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, सगळ्यात भारी गाणं कुठलं यावर वाद. दुसरी, सगळ्यात टुकार गाणं कुठलं यावर त्याहून मोठा वाद. त्यात बँड पंक असेल तर विषयच नाही. १९७७ च्या जानेवारीत लंडनच्या 'द क्लॅश' या बँडने सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा हाताने जुळवून वाटल्या जाणाऱ्या 'स्निफिन ग्लू' या अंकाच्या संपादकाने पंक त्याच दिवशी मेला असं जाहीर करून टाकलं. रस्त्यावरची पोरं कंपनीत गेली, म्हणजे संपलं!

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याकडे काय संबंध? तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावरच्या संगमनेरात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी असाच एक गडी होऊन गेला. डफ, तुणतुणं आणि खडा आवाज एवढ्या भांडवलावर त्याने पेशवाई गाजवली. मग भर बहरात त्याने वाट बदलली. तेव्हापासून त्याच्या चाहत्यांचे दोन तट आहेत. एका तटाला वाट बदलण्याआधीचा शाहीर हवाय, दुसऱ्याला नंतरचा.

त्याचं नाव अनंत फंदी.

खरं नाव अनंत भवानीबावा घोलप. जन्म १७४४ चा, संगमनेरचा. घर यजुर्वेदी ब्राह्मणाचं. म्हणजे रूढ हिशोबाने पोराने संध्या करायची, पोथी वाचायची, कुठेतरी भिक्षुकी नाहीतर कारकुनी धरायची आणि गपगुमान संसार करायचा. अनंतरावांनी यातलं काही केलं नाही.

'फंदी' हे आडनाव नाही, गावाने चिकटवलेलं नाव आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की, संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. स्वतःच्या धुंदीत असणारा, लोकांच्या दृष्टीने जरा तऱ्हेवाईक. अनंताची आणि त्याची गट्टी जमली. ब्राह्मणाचं पोरगं दिवसभर फकिराच्या मागे हिंडतंय म्हटल्यावर गाव बोलणारच. फंदी म्हणजे नादी, छंदी. गावाने फकिराचं नाव पोराला लावलं. टोमणा म्हणून लावलं असणार, पण पोराने ते अंगाला लावून न घेता डोक्यावर घेतलं आणि पुढे त्याच नावाने कवनांवर छाप मारली. पंकवाल्यांनी शिवीचं नाव करून मिरवलं ते फार नंतर.

त्या काळचा तमाशा म्हणजे काय, हे इथे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर फंदींनी नेमकं काय धाडस केलं ते कळणार नाही.

आज आपल्याला लावणी म्हटलं की नऊवारी, घुंगरू, ढोलकी आणि स्टेजवरची रोषणाई आठवते. फंदींच्या काळात स्त्रीवेशात नाचायला बहुतेक पोरगाच असायचा, त्याला नाच्या म्हणत. शाहीर स्वतः डफ घेऊन उभा. मागे तुणतुणेवाला, झांजवाला आणि सुरात सूर मिसळणारे झीलकरी. आधी गण, मग गौळण, मग लावण्या आणि मध्येच सवाल-जवाब. उजेड पलित्यांचा. मंडप असला तर असला, नाहीतर चावडीपुढची मोकळी जागा. वेळ रात्रभराची.

खरी मजा सवाल-जवाबात होती. एका गावात दोन फड समोरासमोर आले की कलगी आणि तुरा अशी फूट पडायची. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एका शाहिराने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे, त्याच चालीत, यमक न मोडता उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर फजिती. निकाल द्यायला कुणी परीक्षक नसायचा, समोर बसलेलं गावच निकाल लावायचं. कुठला शाहीर सरस आणि कुणाचं कवन फुसकं यावर पहाटेपर्यंत वाद, दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा तोच वाद. आज कमेंटमध्ये जे चालतं तेच, फक्त समोरासमोर. त्यामुळे जरा जपून.

हे सगळं करणारी माणसं कोण होती? गावकुसाबाहेरची, कष्टकरी, कसबी जातींतली. पेशवाईतल्या नामांकित शाहिरांची यादी बघा. होनाजी गवळी, त्यांचे जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, परशराम शिंपी. या मांडवात डफ घेऊन एक ब्राह्मण उभा राहतो, नाच्यामागे गातो, शृंगाराच्या लावण्या रचतो, ही गोष्ट संगमनेरच्या आळीत कशी घेतली गेली असेल याचा अंदाज करता येतो. सोलापूरचे राम जोशीही याच वाटेने गेले, पण ते फंदींहून वयाने बरेच लहान. म्हणजे ही पायवाट पाडणाऱ्यांत फंदी आधीचे.

आणि ते नुसते उभे राहिले नाहीत, गाजले. होनाजींसारख्या तोडीस तोड शाहिराने आपल्या कवनात फंदींना कवनांचा सागर म्हणून मान दिलेला आहे. शाहीर एकमेकांची सालटी काढण्यासाठी प्रसिद्ध, त्यात प्रतिस्पर्ध्याने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे.

फंदींची वट सांगणारी आणखी एक कथा आहे. फड घेऊन ते उत्तरेकडे होळकरांच्या मुलखात निघाले होते. वाटेत भिल्लांनी गाठलं आणि सगळं लुटलं. पण हा माणूस अनंत फंदी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला सोडून दिलं. कथा खरी की रचलेली, हे ठरवायला पुरावा नाही. पण लुटारूही ज्याला ओळखतात असा शाहीर, ही कल्पना लोकांना पटली म्हणून ती टिकली, एवढं नक्की.

ही वाट जात होती महेश्वरला. आणि वादाची ठिणगी तिथेच पडली.

नर्मदेकाठच्या महेश्वरात तेव्हा अहिल्याबाई होळकर राज्य करत होत्या. त्यांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. म्हणजे फंदींच्याच आजच्या जिल्ह्यातल्या. मूळ गावाकडचा एवढा नावाजलेला शाहीर दाराशी आलाय, मग बिदागी मिळणार, कौतुक होणार, अशी फंदींची अपेक्षा असणार. झालं उलटंच. अहिल्याबाईंनी त्यांची कानउघाडणी केली. देवाने एवढी वाणी दिली, ब्राह्मणाच्या पोटी जन्म दिला आणि ती प्रतिभा तमाशात उधळतोस, असा तो रोख होता. हे शब्द फंदींना इतके लागले की त्यांनी तमाशा सोडला. काही जण तर सांगतात, डफ तिथल्या तिथे फोडला. संगमनेरला परतले ते कीर्तनकार होऊन.

इथे चाहत्यांमध्ये फाळणी होते.

पहिला गट म्हणतो, बरं झालं. अहिल्याबाई नसत्या तर फंदी चारचौघांसारखे लावण्या करत राहिले असते आणि आज कुणाच्या लक्षातही नसते. कारण फंदींची आज सगळ्यांना माहीत असलेली रचना लावणी नाही, फटका आहे. फटका हा प्रकार मराठीत रुजवला तो त्यांनीच. नावातच सगळं आलं. चाल लावणीसारखी ठसकेबाज, शब्द रोजच्या बोलण्यातले, पण विषय शृंगाराऐवजी उपदेश. फटकारल्यासारखा, चाबूक ओढल्यासारखा उपदेश. रुळलेली वाट सोडून आडवाटेला जाऊ नये असं सांगणारा त्यांचा फटका शाळेत असताना ज्याने पाठ केला नाही असा मराठी माणूस जुन्या पिढीत सापडणं अवघड.

त्या फटक्यात काय नाही? आईबापावर रुसू नये. रिकामं बसू नये. व्यवहारात फसू नये. पैजेचा विडा उचलू नये. पैशाचा आणि शहाणपणाचा ताठा नको, सत्ता काय दोन दिवसांची. आणि सगळ्यात व्यवहारी सल्ला म्हणजे, मित्रासाठी पदरमोड खुशाल करावी, पण त्याला जामीन राहू नये. सहकारी पतसंस्थांच्या जिल्ह्यात हा सल्ला किती जणांनी वेळेवर ऐकायला हवा होता, ते ज्याचं त्याने मोजावं.

दुसरा गट हे ऐकून हसतो. त्यांचं म्हणणं असं की, हा फटका म्हणजे फंदींचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात कमी फंदी असलेलं गाणं. ज्या माणसाने आयुष्यात एकही मळलेली वाट धरली नाही, फकिराशी दोस्ती केली, जात बाजूला ठेवून डफ उचलला, घर सोडून मुलूखभर हिंडला, तोच आता सांगतोय की बाबांनो, सरळ रस्त्याने जा आणि आपला संसार बघा. हे म्हणजे बंडखोर बँडने सगळ्यात हिट गाणं आईवडिलांचं ऐका यावर करावं, तसं झालं. शिवाय शाहिराच्या प्रतिभेचा निकाल जातीवरून का लागावा, हाही प्रश्न आहेच. होनाजींनी किंवा सगनभाऊंनी तमाशा सोडावा असा आग्रह कुणी धरल्याचं या कथांमध्ये येत नाही. ब्राह्मणाने सोडावा, एवढाच आग्रह.

दुसऱ्या गटाचा हा मुद्दा वजनदार आहे. पण फटक्याला टुकार म्हणणं मात्र जमत नाही. कारण आडवाटेचे खड्डे माहीत असलेल्या माणसानेच तो लिहिलाय हे ऐकताना कळतं. पोथी वाचून आलेल्या उपदेशात जामिनकीची भीती नसते, ती पोळलेल्या माणसाच्या बोलण्यात असते. आणि चाल? ती तमाशाचीच आहे. डफ हातातून गेला असेल, पण ठेका जिभेवर तसाच राहिला होता.

मुळात आधीचे फंदी आणि नंतरचे फंदी अशी सरळ रेघ मारता येते का, हेही तपासून बघितलं पाहिजे. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५. महेश्वरची भेट झाली ती याच काळात, म्हणजे फंदींच्या वयाच्या तेविशीपासून एक्कावन्नपर्यंत कधीही. १३ ऑगस्ट १७९५ ला अहिल्याबाई गेल्या. आता फंदींचे पोवाडे बघा.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली. खर्डा जामखेड तालुक्यातच आहे, चौंडीपासून फार लांब नाही. निजाम अली खान फौज घेऊन आला आणि खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. शेवटी त्याला मुलूख सोडावा लागला आणि आपला कारभारी मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या ताब्यात द्यावा लागला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे सरदार एका झेंड्याखाली लढले, तो हा शेवटचा मोठा प्रसंग. पेशवे सवाई माधवराव तेव्हा विशीतले. आपल्याच मुलखात झालेल्या या विजयावर फंदींनी पोवाडा केला.

पुढे सात-साडेसात महिन्यांत सगळं उलटलं. २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या माडीवरून खाली कोसळले आणि २७ तारखेला गेले. एकविसाव्या वर्षी. फंदींनी या तरुण पेशव्यावर पोवाडाही रचला आणि ओवीबद्ध ग्रंथही लिहिला. नाना फडणीस १८०० साली गेले, त्यांच्यावरही त्यांची रचना आहे. म्हणजे अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतरही फंदींची शाहिरी चालूच होती. कीर्तनकार झाले म्हणून शाहीर मेला नव्हता. फार तर एवढं म्हणता येईल की लावणी मागे पडली आणि पोवाडा, फटका पुढे आले.

तो ओवीबद्ध ग्रंथ मात्र, ज्याला त्याने खुशाल तळाला टाकावं. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग आहे, पण ज्या माणसाचं एक कवन पारावर महिनाभर गाजायचं त्याचा हा ग्रंथ लोकांच्या ओठी कधी बसला नाही. ओवी संथ, पोथीची. फंदींची खरी ताकद वेगात आणि ठेक्यात होती. कर्णधाराला यष्टिरक्षण करायला लावावं तसं काहीतरी.

मग सगळ्यात भारी काय? दोन्ही गटांना चालेल असं एक उत्तर आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळावर फंदींनी जे रचलं ते.

१७९६ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला आणि पुण्याची रया गेली. १८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला इंग्रजांशी तह करून बसला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. मागोमाग दख्खनेत दुष्काळ पडला. संगमनेर हे सगळं अगदी जवळून बघत होतं. फौजा येत होत्या, जात होत्या आणि जाताना उभी पिकं घेऊन जात होत्या.

फंदी तेव्हा साठीच्या घरात. या वयात, कीर्तनकाराचा मान मिळालेला असताना, गप्प बसणं सोपं होतं. रमण्यातली दक्षिणा, दरबारातली शालजोडी हे सगळं पेशव्यांच्याच हातात. तरीही त्यांनी कवनात सांगून टाकलं की वाडवडिलांच्या काळापासून इमानाने राबलेल्या चाकरांना भाकर मिळेनाशी झालीय आणि कुठल्या कामाचे नसलेले लोक तूपसाखर खातायत. ज्या राज्यात राहायचं त्याच्याच धन्याबद्दल हे बोलणं. उपदेशाचा फटका शाळेच्या पुस्तकात गेला, कारण तो कुणालाच बोचत नाही. हा ज्याला बसायला हवा होता त्याला बसला.

इथे महेश्वरच्या प्रसंगाकडे पुन्हा बघता येतं. लावणी सोडणाऱ्या फंदींचं बंड संपलं असा दुसऱ्या गटाचा आक्षेप, पण तरुणपणी जे बंड आळीतल्या सोवळ्याविरुद्ध होतं ते म्हातारपणी पेशव्याच्या कारभाराविरुद्ध वळलं. हा बदल अहिल्याबाईंमुळे झाला की वयामुळे की आजूबाजूच्या होरपळीमुळे, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव शरण गेला. आणि १८१९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला, अनंत फंदी गेले. पेशवाईच्या ऐन उमेदीत जन्मलेला हा माणूस तिचा शेवट डोळ्यांनी बघून, जेमतेम वर्षभराने गेला.

आता या सगळ्या वादातली खरी अडचण. आपण भांडतोय कुठल्या गाण्यांवर? फंदींची कवनं तोंडी चालायची. फडात गायली, झीलकऱ्यांनी उचलली, दुसऱ्या गावाला गेली. छापखाना त्यांनी बघितला नाही. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असलेले हॅरी ॲक्वर्थ, वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला ज्यांचं नाव आहे तेच, आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी गोंधळी-शाहिरांकडून ऐकून ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापला. शाळिग्रामांनी पुढे शाहिरांच्या लावण्याही गोळा केल्या. पण तोवर फंदींना जाऊन सत्तर वर्षं उलटली होती. सत्तर वर्षांत गायकांच्या किती पिढ्या बदलल्या, किती कवनं हरवली?

आणि जे टिकतं ते कसं टिकतं, हेही बघायला हवं. पोवाड्यात इतिहास होता म्हणून तो अभ्यासकांनी जपला. फटक्यात सद्वर्तन होतं म्हणून तो शाळेने जपला. शृंगाराच्या लावणीला एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या घरांमध्ये जागा नव्हती, ती चारचौघांत म्हणायची सोय नव्हती. ज्या तरुण फंदींवर गावोगावची माणसं रात्र-रात्र जीव टाकत होती, ज्यांच्यामुळे अहिल्याबाईंना कानउघाडणी करावीशी वाटली, त्यांची फार थोडी गाणी आपल्या हाताला लागतात. त्यामुळे फटकाच भारी असं म्हणणाऱ्या गटाचा विजय अर्धा बिनविरोध आहे. समोरच्या फडाचे जवाबच ऐकू येत नाहीत.

बाकीच्यांच्या वाट्याला सिनेमे आले. राम जोशींवर १९४७ मध्ये, होनाजींवर 'अमर भूपाळी' नावाने १९५१ मध्ये. फंदी मात्र जास्त करून भेटत राहिले ते पाठ्यपुस्तकातून. त्यांच्या फटक्याची चाल इतकी कानात बसलेली होती की स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत असताना देशाचे कान उपटायला कुसुमाग्रजांनी फटकाच निवडला आणि स्वातंत्र्यदेवतेच्या तोंडून विनवणी लिहिली. तीही पाठ्यपुस्तकात गेली.

संगमनेरात आजही कवी अनंत फंदींच्या नावाने व्याख्यानमाला भरते. आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. म्हणजे ज्या बाईंनी फंदींना डफ खाली ठेवायला लावला असं सांगतात, त्यांचंच नाव आता फंदींच्या गावाच्या पत्त्यात आलंय. लावणीवाल्या गटाला हे कसं वाटलं असेल, ते संगमनेरच्या एखाद्या कट्ट्यावर विचारून बघा.